उसना एक

चौतीस वर्षं मी सांगलीच्या मार्केट यार्डात मापाडी होतो.
पोतं काट्यावर चढलं की आकडा ओरडायचा,
उतरलं की वहीत मांडायचा.
रिटायर झालो तेव्हा
नाकात हळद होती
आणि सकाळी उठून जायला जागा नव्हती.

नदीकडच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या,
संध्याकाळी दोन तास पोरांजवळ बसाल का?
शिकवलं नाही तरी चालेल, नुसतं बसा.

बसलो.
खोलीत भिंतीवर पुराची मळकी रेघ, माझ्या छातीएवढी.
दर पहिल्या तारखेला मलकारी तिला पाठ लावून उभा राहतो,
टाचा उचलतो,
आणि मी त्याच्या डोक्यावर पट्टी आडवी धरतो.
अजून चार बोटं कमी.
चार बोटं म्हणजे किती, हे मात्र
दोघांनीही कधी सेंटीमीटरमध्ये मांडलं नाही.

आषाढात वजाबाकी काढली.
बेचाळीसातून सतरा.
दोनातून सात जात नाहीत, म्हटलं,
मग शेजारी चाराच्या घरी जायचं,
एक दशक उसना घ्यायचा.

मुस्कान बागवान. तिसरी. दोन वेण्या, एकीचीच रिबीन.
"आन् माघारी कवा द्यायचा?"

पोरं हसली. मीही हसलो, जरा उशिरा.
गणितात द्यायचा नसतो गं.

"माझी अम्मी वाटीभर साखर आणती
तर शीग लावून देती माघारी.
ह्या चाराचे तीन झाले की, सर.
द्यायचा नाय तर मग त्याला उसना का म्हणायचं?"

त्या रात्री पंखा चालू होता, लाइट होती,
तरी झोप नाही.
कडता आठवत होता.
पोत्यामागं किलो, कधी दीड,
बारदानाचं, धुळीचं, वाळणावळीचं म्हणून
वहीत मीच कमी करायचो, माझ्याच अक्षरात,
अक्षर चांगलं होतं, सगळे म्हणायचे.
माल आणणारा पलीकडं उभा असायचा,
टोपी काढून डोकं खाजवायचा,
पुन्हा टोपी घालायचा.
परत कधी द्यायचा, असं
चौतीस वर्षांत काट्यासमोर कुणी विचारलं नाही.
म्हणजे, मी विचारलं नाही.

पहाटे उठून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
तीच वजाबाकी पुन्हा मांडली.
उत्तर पंचवीस. ताळा करायला
पंचविसात सतरा मिळवले.
पाच नि सात बारा, दोन लिहिले,
हातचा एक.
पेन तिथंच थांबलं.
हा एक. हाच तो.
दोन नि एक तीन, नि हातचा मिळवून चार.
चाराच्या घरी चार.

अडुसष्टाव्या वर्षी, बनियनवर,
स्वयंपाकघरात उभा राहून मी मोठ्यानं हसलो.
हिनं चहाचं भांडं खाली ठेवलं आणि
माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

संध्याकाळी फळ्यावर दाखवलं.
ताळा करतानाच द्यायचा असतो, म्हटलं,
म्हणून ताळा सोडायचा नाही.
मुस्काननं बोटांवर दोनदा मोजलं,
माझ्यावर विश्वास नव्हता तिचा, बरं वाटलं.
"मग ठीकाय," म्हणाली,
आणि शेजारणीचा खोडरबर
न विचारता उचलला.

यार्डातले जुने लोक चहाला भेटतात.
विचारतात, मानधन किती देतात रे?
मी खिसा चाचपतो.
खडूचे तुकडे, एक रिबीन
(सापडली, पण कुणाची ते आता ती कबूल करत नाही),
आणि कागदाच्या पुडीत मलकारीचा दात.
खेळायला जाताना दिला होता, सांभाळा म्हणून.
दीड महिना झाला.
त्यानं मागितला नाही.
मीही आठवण केलेली नाही.